जुनी गाडी, नवं डिझेल आणि ऑईलचा हिशेब

संध्याकाळी माणकोली नाक्यावर उभं राहिलं की भिवंडीच्या ट्रकांचं निम्मं काम डोळ्यांसमोर येतं. ते काम म्हणजे थांबणं. काल्हेर, काशेळी, पूर्णा, दापोडे, वळ या गावांतल्या गोदामांतून निघालेल्या गाड्या नाशिक महामार्गावर चढायला रांग लावून उभ्या असतात आणि प्रत्येकीचं इंजिन चालू असतं. गोदामाच्या फाटकाबाहेर सकाळपासून नंबर लावून बसलेल्या गाड्या वेगळ्याच. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी शहराच्या दाराशी, आणि न्हावा-शेवा बंदराच्या आवाक्यात, म्हणून या पट्ट्यात गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली.

इथे लांबून माल आणणाऱ्या गाड्या बहुतेक नव्या असतात. लांब पल्ल्याला थकलेली गाडी जवळच्या फेऱ्यांना लागते. भिवंडी ते तळोजा, भिवंडी ते वसई, भिवंडी ते मशीद बंदर. बारा, पंधरा, अठरा वर्षांची गाडी, मालकाकडे अशी एक किंवा फार तर दोन, आणि घर त्यांच्यावर चालणारं. हे प्रकरण त्या मालकासाठी लिहिलं आहे. ऑईल बदलायची वेळ आली की तो दुकानात एकच प्रश्न विचारतो: या वेळी सिंथेटिक टाकू का? दुकानदार म्हणतो टाका, इंजिनाचं आयुष्य वाढेल. मिस्त्री म्हणतो नको, जुन्या इंजिनाला सिंथेटिक सोसत नाही, गळायला लागतं. दोघंही इंजिन न तपासता उत्तर देतात.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. जुन्या गाडीसाठी ऑईल निवडताना डब्यावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द सगळ्यात शेवटी वाचावा. त्याआधी इंजिन वाचावं, गाडीचा दिवस कसा जातो ते वाचावं आणि मग डब्याची मागची बाजू वाचावी.

इंजिनापासून सुरुवात करू. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या ट्रकांची वंशावळ फार लांबलचक नाही. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घडणीची इंजिनं, पुढे ६९२ आणि ६९७ या आकड्यांनी ओळखली गेलेली, कितीतरी वर्षं देशाचा माल ओढत राहिली. पंपापासून नोझलपर्यंत सगळं यांत्रिक, सेन्सर नावालाही नाही. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स एकत्र आले आणि ५.९ लिटरचं टर्बोवालं इंजिन ट्रकांत आलं. मग प्रदूषणाच्या नियमांचे बीएस-२, बीएस-३ असे टप्पे आले. ऑईलच्या दृष्टीने यात सगळ्यात महत्त्वाचा फरक टर्बो आहे की नाही हा. बिनटर्बोच्या इंजिनात ऑईलला मुख्यतः काजळी, धूळ आणि वय सोसायचं असतं. टर्बो आला की त्यात भट्टीसारखी उष्णता मिसळते. गाडीचं पुस्तक हरवलं असेल तर निदान एवढं ठाऊक असू द्या.

आता काळ्या रंगाविषयी. नवं ऑईल टाकून दोन दिवस झाले, गेजपट्टी ओढली, ऑईल काळंकुट्ट. मालकाचा जीव कासावीस होतो, ‘ऑईल खराब होतं’ म्हणून तो दुकानदाराशी भांडतो. डिझेल इंजिनात ऑईल लवकर काळं होणं हे ते काम करत असल्याचं लक्षण आहे. याचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये पिस्टन रिंगा चिकटून बसायच्या. साधं खनिज तेल काजळी धरून ठेवत नसे. ती पिस्टनच्या खाचांत साठायची, भाजून दगडासारखी व्हायची आणि रिंग जागच्या जागी अडकायची. त्यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑईलने धुण्याचा गुण असलेली रसायनं मिसळून १९३५ मध्ये डिझेल इंजिनासाठी खास ऑईल काढलं. आजही प्रत्येक डिझेल ऑईलमध्ये तीच युक्ती आहे. एक रसायन पिस्टन धुतं, दुसरं काजळीचा प्रत्येक कण वेगळा वेगळा तरंगत ठेवतं, त्यांचा गोळा होऊ देत नाही. तरंगणारी काजळी ऑईलला काळं करते आणि ऑईल काढलं की त्याबरोबर बाहेर पडते. ज्या गाडीत हजारो किलोमीटरनंतरही ऑईल सोनेरी राहतं, तिच्यात काजळी कुठे जाते हा प्रश्न विचारायला हवा.

ही रसायनं किती आणि कोणत्या कसोटीला उतरलेली, ते डब्याच्या मागच्या बाजूला दोन अक्षरांत लिहिलेलं असतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, ही अक्षरं ठरवते. पहिलं अक्षर ‘एस’ असेल तर ऑईल पेट्रोल इंजिनाचं, ‘सी’ असेल तर डिझेलचं. दुसरं अक्षर पुढे सरकत जातं तशी कसोटी कठीण होते. जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत सीसी, सीडी, सीएफ-४ अशी नावं सापडतील. १९९८ मध्ये सीएच-४ आली, २००२ मध्ये सीआय-४, मग सीआय-४ प्लस, पुढे सीजे-४, आणि २०१६ च्या डिसेंबरात सीके-४. नवं अक्षर जुन्या इंजिनाला चालतं, जुनं अक्षर नव्या इंजिनाला चालत नाही. याला एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. सीके-४ बरोबरच एफए-४ नावाची जात निघाली, ती मुद्दाम पातळ ठेवलेली आहे आणि तिच्यासाठीच घडवलेल्या नव्या इंजिनांपुरती आहे. जुन्या गाडीत ती कधीही टाकू नये.

जुन्या गाडीच्या मालकाला मला जे सर्वांत आधी सांगावंसं वाटतं ते इथून सुरू होतं. तुमची गाडी जुनी आहे, पण ती पीत असलेलं डिझेल नवं आहे. २००० च्या सुमाराला आपल्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक असायचं. बीएस-२ च्या डिझेलमध्ये ते ५०० वर आलं, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये जेमतेम १० भाग. गंधक जळलं की त्याचं आम्ल बनतं आणि ते बेअरिंग, लायनर खातं. हे आम्ल मारण्यासाठी ऑईलमध्ये क्षार घालतात. डिझेल ऑईल चटकन बदलायचं, जास्त क्षाराचं घ्यायचं, हा जुन्या मिस्त्रींचा आग्रह त्या काळात शंभर टक्के बरोबर होता. आज त्याच गाडीत आम्लाचा तो मारा उरलेला नाही. म्हणून, ‘सीके-४ मध्ये राख आणि क्षार कमी, ते आपल्या जुन्या गाडीसाठी नाही’ असं कुणी सांगितलं तर ते कारण आता लागू पडत नाही. उलट ज्याच्या अंगणात एक बीएस-३ आणि एक बीएस-६ गाडी उभी आहे, त्याने दोन्हींसाठी सीके-४ १५डब्ल्यू-४० ची एकच बादली ठेवावी. उलटी चूक मात्र महागात पडते. जुन्या गाडीचं सीआय-४ बीएस-६ गाडीत गेलं तर त्यातली राख धुराच्या गाळणीत कायमची बसते. नव्या गाडीच्या पुस्तकात कंपनीने आपला वेगळा ऑईल-दर्जा लिहिला असेल तर तो डब्यावर आहे ना, तेवढं पाहावं.

गंधक गेलं तरी काजळी, धूळ आणि न जळलेलं डिझेल हे तीन शत्रू जागच्या जागी आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी सिंथेटिक म्हणजे काय ते पाहू, कारण तो शब्द जितका भारी वाटतो तितका काटेकोर नाही.

प्रत्येक ऑईलचा मोठा भाग मूळ तेलाचा असतो आणि उरलेला रसायनांचा. एपीआयने मूळ तेलाचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटातलं तेल कच्च्या तेलातून जुन्या पद्धतीने वेगळं केलेलं. हे काम आपल्या दाराशी चालतं. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमचा जो कारखाना आहे, तो वंगणतेल बनवणारा देशातला सर्वांत मोठा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात हेच तेल मोठ्या दाबाखाली हायड्रोजनबरोबर शिजवून त्यातली घाण आणि वेडेवाकडे रेणू काढतात. चौथा गट खऱ्या अर्थाने कृत्रिम, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून बनवलेला. पाचव्यात एस्टरसारखी बाकीची सगळी तेलं. पूर्वी चौथ्या-पाचव्या गटालाच सिंथेटिक म्हणायचे. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली की तिसऱ्या गटातल्या तेलावर सिंथेटिक हा शब्द लिहिणं चुकीचं आहे. जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या मंडळाने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून तिसऱ्या गटातलं, म्हणजे कच्च्या तेलातूनच आलेलं पण फार स्वच्छ केलेलं तेल, सिंथेटिक या नावाने विकलं जातं. त्यात वाईट काही नाही, ते तेल उत्तमच असतं. पण ‘सेमी’, ‘ब्लेंड’, ‘टेक्नॉलॉजी’ असे शब्द डब्यावर असतील तर आत चांगलं तेल किती टक्के आहे हे त्या शब्दांवरून कळत नाही. अक्षरांमागे कसोट्या आहेत, या शब्दांमागे नाहीत.

मग या स्वच्छ तेलाचा भिवंडीत उपयोग काय? १५डब्ल्यू-४० मधला १५डब्ल्यू हा थंडीचा आकडा आहे आणि तो उणे २० अंशांवर तपासतात. ५डब्ल्यू उणे ३० वर. सिंथेटिकची सर्वांत मोठी कर्तबगारी तिथे दिसते. भिवंडीत पौषातली पहाटही बारा-पंधरा अंशांच्या खाली क्वचित जाते. ज्याची गाडी सफरचंदं भरायला काश्मीर-हिमाचलात जाते त्याने ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू जरूर घ्यावं. तळोज्याच्या फेरीला त्या आकड्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मागचा ४० हा आकडा गरम इंजिनाचा. अंगठा आणि तर्जनीत थेंब चोळून ‘हे पातळ आहे’ असा निवाडा देण्याची रीत प्रत्येक गॅरेजात आहे. ती बोटं अनुभवी असतात, पण ती ३५ अंशांवर असतात. साधं १५डब्ल्यू-४० चाळीस अंशांवर सुमारे ११० सेंटिस्टोक जाड असतं आणि शंभर अंशांवर १४ च्या आसपास येतं, म्हणजे आठपट पातळ. सिंथेटिक ५डब्ल्यू-४० चाळीस अंशांवर ९० च्या आसपास असतं, म्हणून बोटांना पातळ लागतं. शंभर अंशांवर तेही १४ च्या आसपासच. बेअरिंगमध्ये, जिथे जाडीची गरज असते तिथे, दोन्ही सारखी. ‘सिंथेटिक पातळ असतं म्हणून जुन्या इंजिनाला चालत नाही’ हे विधान चाळिशीच्या ऑईलपुरतं चुकीचं आहे. ३० च्या ऑईलला मात्र ते लागू होतं आणि जुन्या, झिजलेल्या गाडीत ३० टाकू नये. तसंच, धूर मारतंय म्हणून २०डब्ल्यू-५० टाकण्याचा उपाय दुखणं झाकतो. कॉम्प्रेशन गेलेल्या रिंगा जाड ऑईलने परत येत नाहीत, सकाळी इंजिन सुरू करताना वरच्या भागाला ऑईल उशिरा पोचतं एवढंच होतं.

सिंथेटिकची खरी कमाई उष्णतेत आहे. भरलेली गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला पोचते तेव्हा टर्बो तापून लाल झालेला असतो. त्याची चक्रं मिनिटाला लाखाच्या घरात फिरत असतात आणि चालकाने चहासाठी इंजिन बंद केलं की ज्या बारीक नळीने त्याच्या बेअरिंगला ऑईल मिळतं तिच्यातच ते ऑईल अडकून भाजतं. त्याची कोळशासारखी खपली होते. स्वच्छ रेणूंचं तेल लवकर भाजत नाही आणि त्याची वाफही कमी होते. सीके-४ च्या कसोटीत अडीचशे अंशांवर एक तासात १३ टक्क्यांहून जास्त ऑईल उडता कामा नये अशी अट आहे. चांगली सिंथेटिक ऑईलं त्याच्या बरीच आत राहतात. टर्बोची तब्येत चांगली असलेली, रोज घाट करणारी गाडी असेल तर सिंथेटिकवर खर्च केलेला रुपया वाया जात नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातलं आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे त्या वाटेने घाट टळतो, आणि मालगाड्यांना ८० ची मर्यादा असल्यामुळे इंजिन तासन्‌तास एका लयीत चालतं. लांब अंतर, एकसारखा वेग, गरम इंजिन: ऑईलचं आयुष्य वाढवायला याहून चांगली परिस्थिती नाही. तरीही घाटानंतर दोन-तीन मिनिटं गाडी निष्क्रिय वेगावर ठेवून मग बंद करण्याची सवय कुठल्याही महागड्या ऑईलपेक्षा टर्बोला जास्त जपते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता पैशाचा हिशेब. सहा सिलिंडरच्या गाडीच्या चेंबरमध्ये १४ लिटर ऑईल धरू. साधं १५डब्ल्यू-४० लिटरला ३०० रुपये, पूर्ण सिंथेटिक ७०० रुपये, फिल्टर ८०० रुपये. हे भाव हिशेबापुरते आहेत, तुमच्या दुकानातले घाला, रीत तीच राहील. साध्या ऑईलचा एक बदल ५,००० रुपयांना पडतो. तो १०,००० किलोमीटरला केला तर किलोमीटरला ५० पैसे. सिंथेटिकचा एक बदल १०,६०० रुपयांचा. तेवढ्याच ५० पैशांत बसायचं तर ते २१,२०० किलोमीटर चालायला हवं. इंजिन घट्ट असेल, पल्ला लांब असेल, तर चालेल.

पण गाडी ऑईल खात असेल तर? हजार किलोमीटरला एक लिटर वरून घालावं लागतंय असं समजा. साध्या ऑईलच्या खर्चात ३० पैसे वाढले, एकूण ८० पैसे. सिंथेटिकचं नुसतं वरून घालायचंच ७० पैसे झाले. उरलेल्या १० पैशांत १०,६०० रुपयांचा बदल बसवायचा तर तेच ऑईल १,०६,००० किलोमीटर चालवावं लागेल. कुठल्याही जुन्या इंजिनात ते शक्य नाही. ऑईल खाणाऱ्या गाडीत सिंथेटिक टाकणं म्हणजे फुटक्या घागरीत तूप ओतणं. तो पैसा रिंगा, व्हॉल्व्ह सील, ब्रीदर पाहण्यावर घालवा. ढोबळ मापाने, जाळलेल्या डिझेलच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त ऑईल जात असेल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर देणाऱ्या गाडीत हजाराला लिटरभर, तर ऑईलची जाहिरात वाचणं थांबवून इंजिन उघडायचा विचार करावा.

आता पुन्हा माणकोलीच्या रांगेत या. भिवंडीच्या जवळच्या फेऱ्यांच्या गाड्यांचं ऑईल किलोमीटरवर मोजणं हीच मुळात चूक आहे. चालक दिवसाला १०० किलोमीटर मारतो आणि चार तास इंजिन चालू ठेवून उभा असतो. उभ्या तासाला ४० किलोमीटर असा ढोबळ हिशेब धरला तर मीटरवर १०० आणि इंजिनाच्या अंगावर २६०. मीटर दहा हजारांवर पोचेपर्यंत ऑईल सव्वीस हजारांचं झालेलं असतं. शिवाय उभं इंजिन थंड पडतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही. अर्धवट जळालेलं काजळी होऊन आणि न जळलेलं थेंबाथेंबाने रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं. नोझल टपकत असेल किंवा पंपाचं सील गेलं असेल तर हे आणखी झपाट्याने. भेसळीचं डिझेल भरलं असेल तर विचारूच नका. गेजपट्टीवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली, ऑईलला डिझेलचा वास आला, तर ती आनंदाची गोष्ट नाही. ऑईल पातळ होत आहे आणि बेअरिंग उघडी पडत आहेत.

या दुखण्यावर सिंथेटिकचा इलाज चालत नाही. डिझेल मिसळलं की ३०० रुपयांचं ऑईल पातळ होतं आणि ७०० रुपयांचंही तितकंच पातळ होतं. एअर फिल्टरच्या फाटक्या रबरातून आत गेलेली रस्त्याची धूळ दोन्ही ऑईलांत सारखीच कानस चालवते. रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी नेहमी एकच सांगतो: चांगल्या कंपनीचं सीआय-४ प्लस किंवा सीके-४, १५डब्ल्यू-४०, साधंच घ्या, आणि तासांवर बदला. शंभर-दोनशे रुपयांची वही ठेवा, चालकाला रोजचे तास लिहायला सांगा. जुन्या डिझेल इंजिनांना २५० तास हा आकडा सर्रास दिला जातो, तिथून सुरुवात करा. आणि तासभर थांबायचं नक्की असेल तर इंजिन बंद करा. उभी मोठी गाडी तासाला दीड-दोन लिटर डिझेल पिते.

अडीचशे तासांनंतर ऑईल खरंच संपलं का, हे पाहायची एक परीक्षा घरी करता येते. गाडी फिरून आली, ऑईल गरम आहे, अशा वेळी गेजपट्टीच्या टोकाचा एक थेंब शाळेच्या प्रयोगशाळेतल्या गाळण कागदावर किंवा टीपकागदावर सोडा. कागद पेल्याच्या तोंडावर ठेवा, म्हणजे खालून कशाला टेकणार नाही. चार-सहा तासांनी पाहा. डाग मधून बाहेरपर्यंत सारखा, राखाडी छटांनी पसरला असेल तर रसायनं अजून काजळीला तरंगत ठेवत आहेत, ऑईल चालू द्या. मधोमध डांबरासारखा ठिपका, त्याला धारदार कडा आणि बाहेर जवळजवळ काहीच नाही, असं असेल तर काजळीचे गोळे व्हायला लागले, ऑईल आजच काढा. बाहेरच्या बाजूला फिकट, तेलकट, पारदर्शक कडं मोठं असेल तर डिझेल मिसळतंय, नोझल आणि पंप तपासा. कड दातेरी, वेडीवाकडी असेल तर पाण्याचा संशय घ्या. जुलैत रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे जरूर पाहा. थेंब तापलेल्या तव्यावर टाकला आणि तडतडला तर संशय खरा. प्रत्येक कागदावर तारीख आणि तास लिहून वहीत चिकटवा. चार कागद शेजारी ठेवले की तुमच्या गाडीसाठी २५० तास बरोबर आहेत की ३५०, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. मनात शंका राहिली तर वापरलेल्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळतो. त्यात लोखंड आणि तांबं किती झिजून आलं, आणि सिलिकॉन, म्हणजे धूळ, किती शिरली हे कळतं.

आता मिस्त्रीच्या ‘गळतं’ या आक्षेपाकडे येऊ. तो अनुभवातून आला आहे, त्याला हसू नये. सुरुवातीच्या कृत्रिम तेलांमुळे रबरी सीलं आकसायची हे खरं आहे. आजच्या ऑईलांत सील फुगवून ठेवणारी रसायनं असतात आणि सीलांवरचा परिणाम एपीआयच्या कसोटीत तपासला जातो. तरी जुन्या गाडीत गळती दिसते, कारण वर्षानुवर्षं साचलेला चिकट गाळच कडक झालेल्या सीलची फट बुजवून बसलेला असतो. जोमदार धुणारं ऑईल तो गाळ काढतं आणि फट उघडी पडते. असाच गाळ सुटून फिल्टरही तुंबवतो. सीडी किंवा सीएफ-४ वरून सीके-४ वर गेलात तर साध्या ऑईलनेही हेच होईल. म्हणून जुन्या, गाळाच्या इंजिनात बदल टप्प्याने करा. आधी चांगल्या अक्षराचं साधं ऑईल टाका, फिल्टर निम्म्या तासांवर बदला, पुढचा एक पूर्ण बदलही साध्याचाच करा. डाग स्वच्छ आला, पातळी टिकली, गळती नाही, ऑईलचा दाब गरम इंजिनावरही धरला, आणि गाडी घाटाची किंवा लांब पल्ल्याची असेल, तर तिसऱ्या वेळी सिंथेटिक टाका. इंजिन नुकतंच बांधलं असेल तर पहिले दोन बदल साध्याचे करा, रिंगांना बसू द्या.

डबा कुठला घ्यायचा यापेक्षा तो कुठून घ्यायचा हे अधिक मोलाचं आहे. अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, सीलबंद. पिंपातून मोजून दिलेलं सुटं ऑईल जुन्या गाडीतही टाकू नका, कारण त्याच्या अक्षरांची हमी कुणीच देत नाही. काढलेलं काळं ऑईल गटारात ओतलं की ते कामवारी नदीतून खाडीत जातं. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्या. १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑईल परत घेऊन शुद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने टाकली आहे, तेव्हा तुमच्या विक्रेत्याला त्याबद्दल विचारा. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याच्या बुडाला खिळ्याने दोन भोकं पाडा, झाकण तोडा, लेबल फाडा. भिवंडीच्या रस्त्यावर तुमच्यासारख्याच एखाद्या एका गाडीच्या मालकाला बनावट ऑईल विकलं जातं तेव्हा ते अशाच धडधाकट रिकाम्या डब्यात भरलेलं असतं.